कायकाची वेळ कोणाच्या हाती?



कायकासंबंधी आपण पुष्कळ ऐकतो. कोणतेही कायक हलके नाही, ते शुद्ध असावे, त्यातून आलेले दासोहासाठी असावे, हे आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. परंतु कायक केव्हा करावे, किती वेळ करावे आणि ती वेळ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्या प्रवचनांतून सहसा निघत नाही. शेतकऱ्याला तो पडत नसे. त्याची वेळ पाऊस आणि ऊन ठरवीत. विणकर, दोर वळणारा यांनाही तो फारसा पडत नसे, कारण माग घरात होता आणि अंबाडी अंगणात होती. आज मात्र आपल्यातील किती घरे नोकरीवर चालतात ते पाहा. बँक, शाळा, कारखाना, दवाखाना, संगणकाची कंपनी. या घरांत सकाळी उठल्यापासून जी काळजी सुरू होते ती पुष्कळदा कामाची नसून वेळेची असते. बस मिळेल का, हजेरीपटावर लाल खूण पडेल का, मुलाला ताप आहे तर साहेब सोडतील का, जेवताना पुन्हा फोन येईल का. इष्टलिंग तळहातावर असते आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे लागलेले असतात.

कायक हा शब्दच कायेवरून आला आहे. काया थकते, तिला भूक लागते, झोप येते, आणि तिचे दुखणेखुपणे मुहूर्त पाहून येत नाही. तेव्हा या कायेला न विचारता ठरविलेली वेळ ही केवळ कचेरीची बाब आहे, तिचा धर्माशी संबंध नाही, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

अलीकडे कामाच्या लवचीक वेळेचे फार कौतुक होते. लवचीक म्हणजे काय? येण्याजाण्याच्या वेळेत थोडी मोकळीक, आठवड्यात एक दिवस कमी, घरून काम, किंवा पाळी आपसांत बदलण्याची मुभा. यामुळे नोकरदाराच्या मनावरचा ताण हलका होतो असे सांगतात. हे खरे आहे का? मी म्हणतो, निम्मे खरे आहे. कोणते निम्मे खरे आणि कोणते नाही, हे भोपाळ शहराकडे पाहिले की नीट कळते.

भोपाळ तळ्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे, पण मला ते दोन घड्याळांचे शहर वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. मध्य भारताचा कारभार ग्वाल्हेर-इंदूरहून चाले. तेथल्या कचेऱ्यांतील माणसे बिऱ्हाडे बांधून भोपाळला आली आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती. तात्या टोपे नगरातील सरकारी घरांत नवे संसार मांडले गेले. हे झाले कचेरीचे घड्याळ. त्याच १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी निघाली, जी पुढे भेलमध्ये सामील झाली. तिच्या कारखान्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा हा भाग वाढला, आणि नंतर शहराला लागून मंडीदीपची औद्योगिक वसाहत उभी राहिली. हे झाले पाळीचे घड्याळ. एकाच शहरात एक माणूस दहाच्या ठोक्याला डबा घेऊन निघतो, आणि त्याचा शेजारी रात्रपाळी करून त्याच वेळी अंथरुणावर पडतो.

२०२० साली कोरोनाची साथ आली, टाळेबंदी झाली, आणि या दोन्ही घड्याळांना सरकारने हात घातला. मे २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारने श्रम कायद्यांतील सवलती जाहीर केल्या. कारखान्यातील पाळी ८ तासांवरून १२ तासांपर्यंत नेता येईल, दुकाने सकाळी ६ पासून रात्री १२ पर्यंत उघडी ठेवता येतील, आणि कारखानदारांना आपल्या सोयीप्रमाणे पाळ्या बदलता येतील, असे त्यांत होते. त्यानंतर वर्षभराच्या आतच, एप्रिल २०२१ मध्ये, त्याच सरकारने आपल्या कचेऱ्यांसाठी पाच दिवसांचा आठवडा केला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६. तीन महिन्यांसाठी म्हणून ठरलेल्या या व्यवस्थेला पुढे मुदतवाढ मिळाली.

दोन्ही ठिकाणी वेळ लवचीक झाली हे कबूल करावे लागेल. पण कोणाच्या सोयीने? कचेरीतल्या कारकुनाला शनिवार आपला आहे हे सोमवारीच ठाऊक झाले. त्या दिवशी तो आईला दवाखान्यात नेऊ शकतो, मुलीच्या शाळेत जाऊ शकतो, काहीच न करता पडूनही राहू शकतो. कारखान्यातल्या माणसाचा हिशेब पाहा. बारा तास काम, जाण्यायेण्याचे दोन तास धरा, उरले दहा. त्यांत जेवण, आंघोळ, बाजार, मुले आणि झोप. शिवाय पुढच्या आठवड्यात पाळी दिवसाची की रात्रीची, हे ठरविणारी सोय दुसऱ्याची. कचेरीतल्या माणसाला वेळ मिळाली. कारखान्यातल्या माणसाची वेळ दुसऱ्याच्या मुठीत गेली. गुजरात सरकारनेही त्याच सुमारास कारखान्यांतील तास वाढविणारी अधिसूचना काढली होती; सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली. साथीच्या काळातला आर्थिक भार कामगाराच्या अंगावर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

भोपाळमध्ये कामगाराच्या पाळीविषयी बोलताना २ डिसेंबर १९८४ ची रात्र ओलांडून पुढे जाता येत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून त्या रात्री विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे झोपेतच किंवा पळता पळता गेली. कारणे अनेक होती. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी काढलेली होती. परंतु आपल्या आजच्या विषयाशी संबंध असलेले एक कारण असे, की खर्च वाचविण्यासाठी त्या विभागातील एका पाळीचे कामगार १२ वरून ६ वर आणले होते. मालकाने आपल्या सोयीने पाळी हवी तशी ताणली. सहा माणसांचे डोळे बारा माणसांइतके पाहू शकत नाहीत. नोकराचा थकवा हा त्याचा खाजगी प्रश्न आहे असे म्हणणाऱ्याला भोपाळच्या जुन्या वस्तीतून एकदा फिरवून आणावे.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. लवचीक वेळेची कल्पना जर्मनीत निघाली. म्युनिकजवळ ओटोब्रुन येथे विमाने बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीत १९६७ साली ती प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आली. तिच्यामागे ख्रिस्टेल केमरर या विदुषीचा विचार होता. निमित्त अगदी साधे. सगळे लोक एकाच वेळी फाटकावर आल्याने गाड्यांची कोंडी होई, धावपळ होई, आणि माणूस कामावर बसण्याआधीच दमलेला असे. त्यांनी ठरविले, मधले काही तास सर्वांनी हजर असावे, मागचेपुढचे तास ज्याने त्याने आपले पाहावे.

पुढे १९७९ साली रॉबर्ट करासेक या अभ्यासकाने एक विचार मांडला, तो मला फार मोलाचा वाटतो. त्याचे म्हणणे असे, की केवळ कामाचा बोजा माणसाला मोडत नाही. बोजा मोठा आणि त्या कामावर स्वतःचा ताबा मात्र नाही, अशा ठिकाणी ताण साचतो. लंडनमधील दहा हजारांवर सरकारी नोकरांची प्रकृती वर्षानुवर्षे तपासली गेली. मायकेल मार्मट यांच्या या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना आपल्या कामात काही ठरविण्याची मुभा नाही त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. साहेबाला काम जास्त, म्हणून झटका साहेबाला येतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात खालच्या खुर्चीवरचा माणूस अधिक आजारी पडत होता.

हे ऐकून मला आयदक्की लक्कम्मा आठवते. तिची आणि मारय्याची कथा तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. कल्याणमध्ये अंगणांतून सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्याचे कायक. त्या तांदळांवर दोघांचा संसार आणि जंगम-दासोह चाले. एकदा अनुभव मंटपात अल्लमप्रभूंशी चर्चा रंगली आणि मारय्याला कायकाची आठवणच राहिली नाही. लक्कम्मा तेथे गेली आणि तिने त्याला भानावर आणले: चर्चा थोर खरी, पण कायकाची वेळ टळते आहे. आणखी एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्माने ते घरात घेतले नाहीत. रोजच्या गरजेपुरते ठेवून उरलेले जेथून आणले तेथे परत टाकून यायला तिने सांगितले.

या कथेवर आपण निर्लोभतेचे प्रवचन करतो, आणि ते योग्यच आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. मारय्याला हजेरीपट नव्हता, मुकादम नव्हता, भोंगा नव्हता. आजच्या भाषेत त्याचे काम पूर्णपणे लवचीक होते. अशा कामाला दोन्ही बाजूंनी धोका असतो. एक तर ते विसरले जाते, नाही तर ते संपतच नाही. लक्कम्माने दोन्ही धोके ओळखले. एके दिवशी ती म्हणते ऊठ, आणि दुसऱ्या दिवशी म्हणते पुरे. बाहेरचा भोंगा नसला म्हणजे हे दोन शब्द घरातच कोणीतरी म्हणावे लागतात, आणि ज्याला म्हटले त्याने ते ऐकावे लागतात. मारय्या ऐकत होता, हे त्याचे मोठेपण आपण विसरतो.

आता घरून कामाचे पाहा. मार्च २०२० नंतर पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांतील मुले भोपाळ, सोलापूर, लातूर अशा आपापल्या गावी परत आली. आईवडिलांना आनंद झाला. पोर डोळ्यांसमोर आहे, घरचे खाते आहे. काही दिवसांनी त्याच आईच्या ध्यानात आले, की पोर डोळ्यांसमोर आहे पण घरात नाही. जेवणाच्या टेबलावर संगणक, ताटाशेजारी मोबाइल, रात्री अकराला परदेशातल्या साहेबाशी बोलणे. बसचा प्रवास वाचला, तशी घरी परतण्याची घटकाही गेली. पूर्वी चपला काढताना माणूस कचेरीही बाहेर काढून ठेवीत असे. आता काढायचे काय आणि कोठे?

चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीने २०१० साली आपल्या फोनवर उत्तरे देणाऱ्या नोकरांवर हा प्रयोग करून पाहिला. नऊ महिने काही स्वेच्छेने आलेल्या लोकांना घरून काम दिले. त्यांचे काम सुमारे १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाणारे कमी झाले. मालक खूश झाला. पण प्रयोग संपल्यावर त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक म्हणाले, आम्हाला पुन्हा कचेरीत येऊ द्या. घरी एकटेपणा येतो. त्याच कंपनीत पुढे २०२१-२२ मध्ये आठवड्यातून दोन दिवस घरून आणि तीन दिवस कचेरीतून अशी व्यवस्था करून पाहिली, तेव्हा नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने उतरले आणि कामात तोटा झाला नाही. माणसाला एकांतही हवा आणि मंटपही हवा, हे शरणांच्या कल्याणला माहीत असलेलेच गणित आहे.

काम संपतच नाही या दुसऱ्या धोक्याविषयी जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के अधिक असतो. घरून काम करणाऱ्याने आपले तास एकदा कागदावर मांडून पाहावेत. नोंद ठेवणारा हजेरीपट नसल्याने ते पंचावन्नच्या पलीकडे केव्हा गेले हे कळत नाही.

आणि भगिनींची गोष्ट वेगळी काढावी लागेल. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असे आढळले, की स्वयंपाक, धुणीभांडी, केरवारे अशी घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यांत जातो. अशी कामे करणाऱ्या पुरुषाचा जातो ९७ मिनिटे. म्हणजे पाच तास विरुद्ध दीड तास. आता या बाईला कंपनीने घरून काम दिले. सासूबाई म्हणतात, घरीच आहेस ना, जरा दुधाकडे बघ. नवरा म्हणतो, घरीच आहेस ना, गॅसवाला येईल. एका हाताला साहेब, दुसऱ्या हाताला चूल. लवचीक वेळ नसती तर मूल झाल्यावर तिने नोकरीच सोडली असती, हेही खरे. म्हणून मी त्या सोयीला नावे ठेवत नाही. पण त्या सोयीचे ओझे एकट्या तिच्याच खांद्यावर आले तर ताण कमी होत नाही, फक्त कचेरीतून स्वयंपाकघरात येतो. शरणींना अनुभव मंटपात बसण्याचा मान देणाऱ्या परंपरेतल्या घरांनी आपल्या सुनेच्या कामाच्या तासांत तिचे दार बंद राहू देणे फार अवघड नसावे. दूध उतू गेले तर जाऊ द्या.

येथवर नोकरदाराविषयी बोललो. परंतु हे पान वाचणाऱ्यांत दुकानदार, आडते, संस्थाचालक, छोटे कारखानदारही पुष्कळ आहेत. तुमच्या हाताखाली दोन, दहा, पन्नास माणसे असतील. महात्मा बसवेश्वर स्वतः बिज्जळाच्या दरबारी भांडारी होते. कारभाराच्या गुंतागुंतीपासून ते दूर नव्हते. आपण दासोहाच्या दिवशी मोठी पंगत घालतो, आणि त्याच दुकानातल्या पोराला उद्या केव्हा यायचे ते रात्री दहाला फोन करून कळवतो. त्याच्या वेळेला आपण किंमत देत नाही, आणि तिला किंमत देण्यास पैसा लागत नाही हे विशेष. पुढच्या आठवड्याची पाळी आधीच फळ्यावर लिहा. दोघांनी आपसांत पाळी बदलली तर काम झाले की नाही एवढेच पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्यानेसुद्धा कामाच्या वेळांची सूचना कामगारांना दिसेल अशी लावण्याचे बंधन घातले होते, आणि ठरल्या तासांहून जास्त काम घेतले तर दुप्पट मजुरी सांगितली होती. दुकान बंद केल्यावर फोन करण्याची खरोखर गरज आहे का, याचा विचार करा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-निरोप न पाहण्याच्या हक्काला कायद्याने मान्यता आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात अशाच आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची वाट पाहणारे पाहोत. आपल्याला अडवले कोणी आहे?

यावर कोणी म्हणेल, महाराज, प्रत्येकाने आपल्या मर्जीने यायचे तर गल्ला कोण सांभाळणार? शंका रास्त आहे. ओटोब्रुनच्या लोकांनीही मधले तास सर्वांसाठी पक्के ठेवलेच होते. पेढीवर गर्दीची वेळ कोणती हे तुम्हाला ठाऊक आहे; ती पक्की ठेवा. तिच्या अलीकडची आणि पलीकडची थोडी जागा त्या माणसाला द्या. दवाखान्यात, भट्टीवर, रेल्वेत तेवढीही जागा नसते हे मान्य. तेथे पाळीचे वेळापत्रक बनवताना निदान पाळीवर जाणाऱ्यांना बोलावून बसवावे. ताबा म्हणजे सगळे आपल्या मनासारखे होणे नव्हे. ठरविताना आपल्याला विचारले गेले, एवढ्यानेही माणसाचा जीव पुष्कळ हलका होतो.

शेवटी रात्रपाळी करणाऱ्यांचा एक नेहमीचा प्रश्न घेतो. भेलसारख्या कारखान्यात, इस्पितळात, टेलिफोनवर जे रात्रभर काम करतात त्यांना वाटते, पहाटेची इष्टलिंगपूजा आपल्याकडून होत नाही, आपण धर्मात कमी पडतो. नोकरीचा ताण होताच, त्यावर ही खंत. अशांना माझे सांगणे, की शरणांनी शुभ वेळ आणि अशुभ वेळ हा भेदच मानला नाही. सगळी वेळ शिवाची. रात्रपाळीहून सकाळी सातला आलात तर तीच तुमची पहाट. स्नान करा, शांतपणे पूजा करा, थोडे खा आणि झोपा. रात्रीच्या कामाचा देहावर परिणाम होतो हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. तेव्हा ती दिवसाची झोप चैन समजू नका. आणि घरच्यांना सांगतो, त्याच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावा, दूरदर्शनचा आवाज कमी ठेवा, आणि कोणी भेटायला आले तर तो झोपला आहे असे न संकोचता सांगून त्यांना संध्याकाळी बोलवा.